वारं फिरलं होतं का?

सोलापूरच्या भवानी पेठेत माग चालू असले की हवेत कापसाची बारीक पुंजकी तरंगत राहतात. बाकीचे लोक ती नाकावरून झटकतात आणि कामाला लागतात. गुरप्पा मात्र गॅलरीत उभे राहून त्यातलं एखादं चिमटीत धरायचे, सोडून द्यायचे आणि ते कुठं जातं ते बघत राहायचे. "पश्चिमेचं हाय," असं स्वतःशीच पुटपुटायचे. जेवायला बसल्यावर खिडकीतून झुळूक आली तरी घास हातात तसाच राहायचा. वारा कुठला आहे ते कळल्याशिवाय तो तोंडात जात नसे.

शिवानीला, त्यांच्या लेकीला, हे बघवत नसे आणि बघितल्यावाचून राहवतही नसे. ती शहरातल्या एका कॉलेजात गणित शिकवायची. आई गेल्यावर अक्कलकोट रस्त्याचं गावचं रान वाट्यानं लावून तिनं आप्पांना आपल्याकडे आणलं होतं. शेजारीपाजारी म्हणायचे, म्हातारा शेतकरी गडी आहे, सवय सुटत नसेल. सवयीनं माणूस असं दचकत नाही. पण लोकांना समजावत कोण बसणार!

एके काळी याच वाऱ्यावर गुरप्पांनी गावात नाव कमावलं होतं. मळणीयंत्रं यायच्या आधी ज्वारीची रास उफणावी लागे, आणि उफणायला वारा लागतो. तो काही कुणाच्या बापाचा नोकर नाही. गुरप्पा खळ्यात तीनपायी वावडीवर चढायचे, मूठभर भुसा सोडायचे आणि म्हणायचे, "थांबा, येळ हाय आजून." बायका पाट्या डोक्यावर घेऊन थांबायच्या. थोड्या वेळानं त्यांनी मान हलवली की खरोखर वारा यायचा, दाणा पायाशी पडायचा, भुसा लांब जायचा. आजूबाजूच्या खळ्यांवरूनही त्यांना बोलावणं यायचं. गुरप्पानं सांगितलं म्हणजे वाऱ्यालाही ऐकावं लागतं, अशी गावात चेष्टा चालायची. माणसाला आपल्या ज्या गोष्टीचा भरवसा असतो, नेमकी तीच कधीतरी गळ्याशी येते.

त्याला आता बारा वर्षं झाली. ऊस तुटून गेला होता आणि रानात गुडघाभर पाचट पडलं होतं. गुरप्पांच्या रानाला लागून भिमाचं रान. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार. त्या भागात एक रीत होती, अजूनही आहे. शेजारच्या दोघांनी पाचट एकाच दिवशी, एकाच वेळी पेटवायचं. म्हणजे तुझी आग माझ्या रानात आली, अशी तक्रारच नको. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! शेकडो वेळा ते निभावलंही होतं.

दोन रानांच्या मधून एक गाडीवाट जात होती. वापर नसल्यामुळं तिच्यात वाळकं गवत माजलं होतं. वाटेच्या पश्चिम टोकाला मिरचीसाठी नांगरून ठेवलेला मोकळा तुकडा होता आणि तिथं ठिबकच्या नळ्यांचा ढीग होता. तो राखायला गुरप्पांनी शिवूला उभं केलं. शिवू शिवानीच्या पाठचा, बारावी होऊन नुकता घरी आलेला. "तितंच थांब. वाटंत येऊ नगं," आप्पांनी त्याला बजावलं होतं. मग त्यांनी मूठभर धूळ सोडून बघितली. वारा पश्चिमेचा होता. म्हणून दोघांनी पूर्वेच्या कडेनं आग लावली, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकत जाईल. एकदम भडकायची भीती नाही. गुरप्पा पूर्वेला थांबले. भिमा आपल्या रानाच्या पार पश्चिमेच्या कोपऱ्यावर गेला. तो आणि शिवू यांच्यामध्ये बाभळींची दाटी होती.

आधी सगळं नीट चाललं. मग पाचटानं जोर धरला आणि दोन्ही रानांतले जाळ वाटेकडे वाकले. कुणी हातानं ओढल्यासारखे दोन्हीकडून वाकले आणि मधलं गवत एकदम धडाडलं. शिवू त्या वाटेनं पूर्वेकडे पळत आला. पण बाहेर आला नाही.

शिवानी तेव्हा सोलापुरात हॉस्टेलवर होती. मातीला पोचली तेव्हा तिला तोंड दाखवलं नाही. पोर गडबडलं, उलट्या दिशेनं पळालं, असं जो तो म्हणत होता. नळ्यांचा ढीग जागच्या जागी होता. एक नळीसुद्धा वितळली नव्हती.

चौकशीच्या वेळी गुरप्पा म्हणाले, "वारं फिरलं. एकाएकी पूर्वेचं झालं. माज्या पाटीला लागलं की ते." भिमा म्हणाला, "वारं फिरलं न्हाय. शेवटपत्तुर पश्चिमेचंच व्हतं. मला पाटीवर लागत व्हतं." दोघांनी शपथा घेतल्या. देवळावरचा झेंडाही वळला नव्हता म्हणे. वारा फिरला असता तर तो देवाचा कोप ठरला असता. नाही फिरला म्हटल्यावर गुरप्पा खोटे ठरले. लेकराच्या जिवावर उठलेली आपली चूक बापानं वाऱ्यावर ढकलली, असं गाव बोलू लागलं. जोडीदार तुटला. पुढं बांधावरून जाताना दोघं माना खाली घालायचे. आपल्याला खोटं म्हटलं याचं दुःख गुरप्पांना होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे हळूहळू त्यांना स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली. पाठीला लागलं ते खरंच वारं होतं का?

कधी धूळ, कधी पुंजकी हवेत सोडून ते बारा वर्षं तेच बघत होते.

आणि लेक काय करत होती? तीही तेच करत होती, फक्त संगणकावर. तिनं संशोधनाला विषय घेतला तो वणव्याचा. शहराच्या उत्तरेला माळढोकासाठी राखलेली माळरानं आहेत, तिथं उन्हाळ्यात गवत पेटतं. आग कुठं जाईल ते आधी सांगता यावं म्हणून गणित मांडायचं. वारा आगीला ढकलतो, हे शेंबडं पोरही सांगेल. अवघड आहे ते पुढचं. आगही वाऱ्याला ओढते. जाळावरची हवा तापून वर जाते, आणि तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी हवा आत धावते. म्हणजे वाऱ्यानं आग बदलते, त्या आगीनं वारा बदलतो, त्या बदललेल्या वाऱ्यानं पुन्हा आग. दोघांचं गणित एकमेकांत अडकलेलं असतं, एक सोडवून मग दुसरं हाती घेता येत नाही. शिवानी माळाचे बारीक चौकोन पाडायची आणि संगणक क्षणाक्षणाला प्रत्येक चौकोनाची चौकशी करायचा. तू किती तापलास? तुझ्यावरून वारा कुठं चाललाय?

हे झालं कॉलेजचं काम. त्याच्या आडून तिनं कुणाला न सांगता गावचं रान संगणकात मांडलं होतं. पाचटाची जाडी, वाटेतलं गवत, नांगरलेला तुकडा, सगळं. त्यात एक काळा ठिपका होता. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी एकदा विचारलं, हा ठिपका कसला? "उष्णता मोजायला ठेवलाय," शिवानी म्हणाली, आणि लगेच उठून तोंड धुवायला गेली. प्रत्येक वेळी गणित सुरू केलं की तो ठिपका पश्चिमेकडून पूर्वेकडे निघायचा. जिथं सापडला तिथंच त्याला न्यावं लागे. आपण आपल्या भावाला पुन्हा पुन्हा मारतोय, असं तिला वाटायचं. तरी ती बटण दाबायची. भूत मागं लागतं म्हणतात, तिच्या बाबतीत तीच भुताच्या मागं लागली होती.

गणित मात्र जुळत नव्हतं. आग पश्चिमेच्या वाऱ्याविरुद्ध निमूट सरकायची, वाटेतलं गवत पेटायचंच नाही. एका रविवारी दुपारी वीज गेली, पेठेतले माग एकदम थांबले, आणि त्या शांततेत तिच्या ध्यानात आलं की इतके दिवस आपण फक्त आपलंच रान पेटवतोय. डोक्यात कायम आप्पांचीच आग होती ना! वीज आल्यावर तिनं भिमाअण्णाचंही रान पेटवलं.

वाऱ्याचे बाण पडद्यावर थरथरले. दोन्ही जाळांना मधल्या पट्टीतून हवा पुरेना, तेव्हा दोघं एकमेकांकडे झुकले. पश्चिमेच्या टोकाला बाण पूर्वेकडे होते, पहिल्यापेक्षा जोरात. आणि पूर्वेच्या टोकाला, आप्पा उभे होते तिथं, ते उलटे फिरले होते. तिथं वारा पूर्वेकडून आत शिरत होता.

"आप्पा!" ती ओरडलीच. ते घाबरून आत आले. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं.

"आप्पा, मोठ्या चुलीम्होरं बसलं तर पाटीला गार लागतंय का न्हाय?"

"लागतंय की. मागनं वारं येतंय."

"मग घरात वारं फिरतंय व्हय? चूल वडतीया त्याला. तसंच झालं त्या दिवशी. आगीनं वारं वडलं, सगळीकडनं. तुमच्या पाटीला पूर्वेचं लागलं ते खरं. भिमाअण्णाच्या पाटीला पश्चिमेचं लागलं तेबी खरं. कुणीच खोटं बोललं न्हाय."

गुरप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते बाणांवरून बोट फिरवत गेले. मग उपरण्यात तोंड खुपसून रडले. बारा वर्षांचं साठलेलं होतं, ते काय दोन थेंबांत भागणार? दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावची एसटी धरली आणि सरळ भिमाच्या दारात जाऊन उभे राहिले. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. संध्याकाळी भिमाच त्यांना फटफटीवर बसवून स्टँडपर्यंत सोडायला आला, एवढं गावानं पाहिलं.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं! गणित सुटलं, जोडीदार मिळाला. पण खरं एकदा उकरायला घेतलं की आपल्याला हवं तिथं थांबत नाही.

चार-आठ दिवसांनी आप्पा पुन्हा त्या खुर्चीवर येऊन बसले. "ह्यात शिवू कुटं हाय?" त्यांनी विचारलं. शिवानीनं काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तो नांगरलेल्या तुकड्यावर उभा होता. तिनं बटण दाबलं, आग लागली, ठिपका पूर्वेकडे निघाला.

"ह्यो का निगाला?"

"गडबडला असंल, आप्पा. समदे तसंच म्हनत्यात."

"गडबडला न्हवता." आप्पांनी ठिपक्यावर बोट टेकवलं. मग बोलले ते असं, जणू कुणी तिसराच बोलतोय. "माज्या पाटीला वारं लागलं. मला वाटलं, वारं फिरलं, आता समदी आग पोराच्या अंगावर जानार. माज्याकडचं जळून गेल्यालं, हितं आला तर वाचंल. म्हनून मी वरडलो. इल्ली बारो, शिवू, बारो! त्यानं ऐकलं. तितंच थांब म्हनून सांगितल्यालं, पर बापानं बोलावलं म्हनून आला."

घरी ते शिवूशी कानडीतच बोलायचे. इल्ली बारो. इकडं ये.

"कुनाला सांगितलं न्हाय मी. तुज्या आईलाबी न्हाय." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मी न्हाय बोलावलं असतं तर?"

उत्तर शिवानीला ठाऊक होतं. गणित पुन्हा करायचीही गरज नव्हती. तो नांगरलेला तुकडा प्रत्येक वेळी पडद्यावर निळाच राहायचा. तिथं जळायला काही नव्हतं, आणि आगच बाहेरची गार हवा त्याच्यावरून ओढून आत नेत होती. धूरसुद्धा तिथं टिकत नव्हता. शिवू तिथं नुसता उभा राहिला असता तर आज तिशीचा झाला असता, त्याला बायको असती, एखादं पोर असतं.

"काय फरक पडला नसता," ती म्हणाली. "तितं धुरानं गुदमरलाच असता."

"नक्की?"

"गणित हाय ते, आप्पा. खोटं कसं बोलंल?"

गणित खोटं बोलत नाही, गणितवाली बोलते. पण त्या वेळी दुसरं काय करणार होती ती? सत्तरी ओलांडलेल्या बापाच्या हातात ते सत्य ठेवायचं म्हणजे पुन्हा तीच आग त्याच्या पदरात टाकणं. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून त्यांचं जेवण वाढलं. गॅलरीत उभं राहणं कमी झालं. दुपारची झोप लागायला लागली.

शिवानीची मात्र गेली. जे बारा वर्षं आप्पांना छळत होतं ते आता तिच्याकडे राहायला आलं. माग थांबले की त्या पोकळीत तिला हाक ऐकू यायची. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागून यायची. बाजारात एखादी कानडी बाई आपल्या पोराला "बारो" म्हणाली तरी शिवानी मागं वळून बघायची. ती हाक तिनं प्रत्यक्षात कधी ऐकली नव्हती. तरी तिला आप्पांचा तेव्हाचा खणखणीत आवाज ओळखू यायचा, आणि त्याच्यामागून पळत येणारी पावलंही. त्याला ओरडून सांगावंसं वाटायचं, थांब रे, येऊ नकोस, तुला काही होणार नाही. पण त्यानं कधी कुणाचा शब्द मोडला नव्हता. चांगल्या वळणाचं पोर होतं, हेच त्याला भोवलं.

पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. गावांच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. यंदा पुन्हा दोघा शेजाऱ्यांनी एकत्र पाचट पेटवलं आणि आग एकाच्या उभ्या उसात शिरली. माणसं वाचली. तेव्हा भिमाच पुढं झाला आणि शिवानीला बोलवायला पेठेत आला. "तुजं ते बान लोकांस्नी दाकीव, पोरी. यकदम दोन रानं पेटवायची न्हाईत, येवढं तरी ह्यांच्या डोक्यात शिरू दे." आप्पांची छाती फुगली. तेही येणार म्हणाले.

शिवानीनं चित्रं तयार केली. ज्या चित्रात नांगरलेला तुकडा निळा दिसायचा, ते तिनं काढून टाकलं.

गावच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माणसं सतरंजीवर दाटीनं बसली होती. परीटघडीची टोपी घालून गुरप्पा पुढं, त्यांना खेटून भिमा. शिवानीनं आग वारा कसा ओढते ते दाखवलं, दोन जाळ कसे एकमेकांकडे वाकतात ते दाखवलं. लोक ऐकत होते. पडद्यावरचं रान कुणाचं आहे हे सगळ्यांनी ओळखलं होतं. कार्यक्रम आता निभावला, असं तिला वाटत होतं, तेवढ्यात मागून निंगव्वा उठली. उसाच्या कामावर जाणारी बाई, पदरात दोन पोरगे.

"बाई, येक इचारू का? माजी पोरं नळ्या गोळा करायला जात्यात. मदी सापडली तर काय करायचं त्यांनी?"

"तशी वेळच येऊ द्यायची नाही," शिवानी म्हणाली.

"ते खरं. पर आली तर? पळायचं, का थांबायचं?"

शिवानीनं आप्पांकडे पाहिलं. ते इतक्या विश्वासानं तिच्याकडे बघत होते की तिला पुढचं दिसेना. ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ असं एक गुळमुळीत वाक्य तिच्या जिभेवर आलं. कॉलेजात अशी वाक्यं रोज लागतात. मागं निंगव्वा तशीच उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"थांबायचं," शिवानी म्हणाली. "नांगरलेलं, मोकळं रान गाठायचं आणि तितंच थांबायचं. जाळ वाकडे झाले, आवाज झाला, तरी हलायचं न्हाय. आगीच्या मदनं वाट काढायची न्हाय. भाईरनं कुणी हाक मारली तरीबी न्हाय."

"आन् थांबलं तर वाचतंय?"

"वाचतंय."

तिनं डोळे मिटून घेतले. सतरंजीवर कुणीतरी हालल्याचा आवाज आला, मग काठी टेकल्याचा. डोळे उघडले तेव्हा आप्पा उभे होते. भिमानं त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी हळूच सोडवला आणि लोकांकडे तोंड केलं.

"निंगव्वा," ते म्हणाले, "पोरांस्नी नीट सांग. बापानं हाक मारली तरी यायचं न्हाय म्हनावं. मी मारल्याली. माजा आला."

मग गुरप्पा लेकीकडे वळले. तिचं दयेपोटीचं खोटं आणि आताचं खरं बोलणं, दोन्ही त्यांना कळलं होतं. तोंडावर राग नव्हता.

"फुडं सांग, पोरी," ते म्हणाले. "लोक थांबल्यात."

आणि शिवानी पुढं सांगू लागली.